जर्मनचं पातेलं आणि डायलिसिसचं पाणी

गेले काही दिवस आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो जुना मेसेज पुन्हा फिरतोय. इंग्रजांनी म्हणे भारतीय कैद्यांना मुद्दाम अॅल्युमिनियमच्या भांड्यांत जेवण दिलं, कारण त्याने बुद्धी मंद होते. मग आपण तीच भांडी घरात आणली आणि म्हणून आज घरोघरी म्हाताऱ्या माणसांना विस्मरण. खाली हात जोडलेले आणि 'जनहितार्थ पुढे पाठवा'.

मेसेजच्या पहिल्या भागाचा निकाल लावायला फार वेळ लागत नाही. अॅल्युमिनियमचा स्मृतिभ्रंशाशी संबंध असेल, ही शंका जगात गंभीरपणे घेतली गेली ती १९६५ नंतर. इंग्रज गेले १९४७ ला. जी गोष्ट शास्त्रज्ञांच्याच डोक्यात आली नव्हती ती तुरुंगाच्या जेलरला कशी ठाऊक असणार?

दुसरा भाग मात्र इतका सहज झटकता येत नाही, आणि मी लिहायला बसलो ते त्यासाठीच. अॅल्युमिनियममुळे माणसांना खरोखर स्मृतिभ्रंश झाला आहे. माणसं दगावली आहेत. त्याचे पुरावे आहेत, सालं आहेत, आकडे आहेत. फक्त ते स्वयंपाकघरात घडलं नाही. कुठे घडलं आणि कसं उघडकीला आलं, हा इतिहास मराठीत फारसा कोणी सांगत नाही, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

आधी धातूबद्दल थोडं. आपल्या शरीरात धातू आणि क्षार अगदी अल्प प्रमाणात असतात. लोह साधारण तीन-चार ग्रॅम, जस्त दोनेक ग्रॅम, तांबं एक दशांश ग्रॅम, आयोडीन तर काही मिलिग्रॅमच. पण ही सगळी कामावर रुजू असलेली मंडळी. आयोडीन कमी पडलं तर पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते, इतकं त्या काही मिलिग्रॅमचं वजन. अॅल्युमिनियमचं तसं नाही. ते प्रत्येकाच्या शरीरात थोडंफार सापडतं, पण त्याला तिथे काही काम असल्याचं आजवर कोणाला आढळलेलं नाही.

आणि ते टाळायचं म्हटलं तरी टळत नाही. पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे ८ टक्के अॅल्युमिनियम आहे. ऑक्सिजन आणि सिलिकॉननंतर तिसरा नंबर त्याचा. कोकणातला जांभा दगड लोह आणि अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी भरलेला असतो, कोल्हापूर-रत्नागिरीकडे बॉक्साइट निघतं ते त्याच कुळातलं. म्हणजे जांभ्याच्या घरात राहणारा, त्या मातीतली भाजी खाणारा माणूस पिढ्यानपिढ्या अॅल्युमिनियमच्या संगतीत आहे, पातेलं नंतर आलं.

धातू म्हणून ते वेगळं काढायला मात्र माणसाला १८२५ साल उजाडलं, आणि सुरुवातीला ते चांदीसारखं मिरवायचं. १८८४ साली वॉशिंग्टनच्या स्मारकाच्या टोकावर बसवायला अॅल्युमिनियमचा कळस निवडला होता. मग १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोघांनी स्वतंत्रपणे विजेच्या मदतीने ते काढायची स्वस्त रीत शोधली आणि भाव कोसळले. आपल्या देशात मद्रासच्या कलाशाळेत अल्फ्रेड चॅटर्टन या इंग्रज अधिकाऱ्याने १८९८ च्या सुमारास अॅल्युमिनियमची भांडी करायला सुरुवात केली. उद्देश धंद्याचा होता, स्थानिक कारागिरांना नवं काम मिळावं हा होता. पितळेला कल्हई लागते, याला लागत नाही. वजनाला हलकं, किमतीला कमी. गरिबाच्या घरात ते शिरलं ते या गुणांवर. आपल्याकडे त्याला 'जर्मनचं भांडं', काही ठिकाणी 'जर्मल' म्हणतात. जर्मन सिल्व्हर नावाचा वेगळाच मिश्रधातू होता, त्याचं नाव घसरत घसरत या भांड्यांना चिकटलं असावं.

आता मेंदूकडे येऊ. ३ नोव्हेंबर १९०६ ला जर्मनीत ट्यूबिंगेन इथे अलॉइस अल्झायमर नावाच्या डॉक्टरने एका बाईची केस मांडली. वयाच्या पन्नाशीतच तिची स्मृती गेली होती. ती वारल्यावर तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर पेशींच्या आत धाग्यांच्या गाठी आणि पेशींच्या बाहेर चकत्या दिसल्या. त्या गाठी आणि चकत्या कशाने होतात, हा प्रश्न तेव्हापासून पडलेला.

१९६५ मध्ये अमेरिकेत क्लात्झो आणि सहकाऱ्यांनी वेगळ्याच कामासाठी सशांच्या मेंदूत अॅल्युमिनियमचा क्षार टोचला, आणि सशांच्या मेंदूपेशींत तशाच दिसणाऱ्या धाग्यांच्या गाठी तयार झाल्या. गवगवा झाला. पण त्याच वर्षी टेरी आणि पेन्या यांनी त्या गाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घातल्या. सशाच्या गाठीतले धागे सरळ होते; माणसाच्या अल्झायमरमधले धागे जोडीने, वेणीसारखे पीळ घातलेले असतात. दुरून बघताना सारखे, जवळून वेगळे. ही दुरुस्ती शंकेच्याच वयाची आहे, पण मेसेजमध्ये तिला जागा मिळाली नाही. शंका तेवढी पुढे गेली.

१९७३ मध्ये टोरांटोच्या क्रॅपर, कृष्णन आणि डाल्टन यांनी अल्झायमरने गेलेल्या माणसांच्या मेंदूच्या काही भागांत अॅल्युमिनियम जास्त असल्याचं 'सायन्स' या नियतकालिकात छापलं. आता ससा नव्हे, माणूस. इथून ही गोष्ट वर्तमानपत्रांच्या हाती लागली.

आणि नेमक्या याच काळात, अल्झायमरशी काही घेणंदेणं नसलेल्या एका विभागात, माणसं खरोखर मरत होती.

अमेरिकेत डेन्व्हर शहरात डॉ. आल्फ्रे डायलिसिसचे रुग्ण बघत. १९७२ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एक विचित्र आजार नोंदवला. दोन-तीन वर्षं डायलिसिस व्यवस्थित चाललेला माणूस अचानक बोलताना अडखळायला लागतो. शब्द जुळत नाहीत, तोतरेपणा येतो, आणि तो डायलिसिस झाल्या झाल्या जास्त असतो. मग हातपाय झटके देतात, फिट्स येतात, घरच्यांची ओळख राहत नाही. बहुतेक जण वर्षाच्या आत जात. ज्या यंत्राने जगवायचं त्याच यंत्राला जोडल्यावर माणूस बिघडत होता. त्याच्या बायकोने, मुलांनी काय समजायचं?

१९७६ मध्ये आल्फ्रेंच्या गटाने मृत रुग्णांच्या मेंदूतलं अॅल्युमिनियम मोजून प्रसिद्ध केलं. मेंदूच्या करड्या भागात, कोरड्या वजनाच्या किलोमागे, या आजाराने गेलेल्यांत सरासरी २५ मिलिग्रॅम. डायलिसिसवर होते पण हा आजार नव्हता त्यांच्यात ६.५. किडनीचा विकारच नसलेल्यांत २.२. इतका ढळढळीत फरक वैद्यकात रोज मिळत नाही.

हे अॅल्युमिनियम आलं कुठून? पहिला संशय गोळ्यांवर गेला. किडनीच्या रुग्णांच्या रक्तात फॉस्फेट साठतं, ते पोटातच अडवायला तेव्हा अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड सर्रास देत. तो संशय खोटा नव्हता, पण पुरा पडत नव्हता. गोळ्या तर सगळीकडेच देत होते, मग आजार काही शहरांत भरपूर आणि काही शहरांत जवळपास नाहीच, असं का?

उत्तर मिळायला इंग्लंडमधलं न्यूकॅसल उपयोगी पडलं. तिथल्या डॉक्टरांना आपल्या डायलिसिसच्या रुग्णांत हा मेंदूचा आजार दिसत होता, आणि जोडीला हाडं ठिसूळ होऊन सहज मोडत होती. त्यांचा डोळा पाण्यावर गेला. १९७९ मध्ये त्यांनी ब्रिटनमधल्या १८ केंद्रांचा, सुमारे १,३०० रुग्णांचा हिशेब 'लॅन्सेट'मध्ये मांडला. ज्या केंद्राच्या पाण्यात अॅल्युमिनियम जास्त, तिथे मेंदूचा आजार जास्त आणि मोडलेली हाडंही जास्त.

नळाच्या पाण्यात अॅल्युमिनियम येतं कुठून, हे आपल्याला शिकवायला नको. गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची हे आपल्या आज्या करत होत्या. नगरपालिकेचं जलशुद्धीकरण केंद्र तेच मोठ्या टाकीत करतं. तुरटी म्हणजे अॅल्युमिनियमचा क्षार. तो गाळाला धरून खाली बसतो, थोडासा पाण्यात उरतो. पावसाळ्यात पाणी गढूळ, तुरटी जास्त.

मग तेच पाणी आपण पितो, आपल्याला का होत नाही? थोडा हिशेब करू. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात अॅल्युमिनियम लिटरला ०.०३ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोत नसेल तर ०.२ पर्यंत चालवून घेतात. वरची मर्यादाच धरा. दिवसाला दोन लिटर पाणी प्यायलात तर ०.४ मिलिग्रॅम पोटात गेलं. आतडं त्यातला हजारात एक ते तीन भाग आत घेतं, बाकी संडासवाटे बाहेर. जो कण आत गेला तो किडनी लघवीवाटे काढून टाकते. दोन राखणदार झाले.

डायलिसिसच्या माणसाकडे दोन्ही नाहीत. एका वेळच्या चार तासांत सुमारे १२० लिटर पाणी त्याच्या रक्ताशेजारून वाहतं, मध्ये फक्त एक पातळ पडदा. आतडं वाटेत नाही, किडनी तर निकामीच. शिवाय रक्तातली प्रथिनं अॅल्युमिनियमला धरून ठेवतात, त्यामुळे पाण्यात अगदी थोडं असलं तरी ते रक्ताकडेच ओढलं जातं. तेच ०.२ मिलिग्रॅमवालं पाणी वापरलं तर एका बैठकीत २४ मिलिग्रॅम अॅल्युमिनियम त्या पडद्यावरून जातं. आठवड्यातून तीनदा म्हटलं तर वर्षाला १८ हजार लिटरच्या वर पाणी होतं. आपल्या भाषेत जवळपास दोन टँकर, एका माणसाच्या रक्ताशेजारून. म्हणूनच डायलिसिसच्या पाण्यासाठी मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे पिण्याच्या पाण्याला चालवून घेतो त्याच्या वीसपट कडक.

उपाय साधा निघाला. पाणी आरओ किंवा तत्सम यंत्रणेतून गाळून मगच वापरायचं, अॅल्युमिनियमच्या गोळ्या कमी करायच्या. जिथे हे केलं तिथे आजार ओसरला. मेंदूच्या आजाराच्या इतिहासात कारण सापडलं, काढून टाकलं आणि रोग थांबला, असं किती वेळा झालंय? माझ्या मते हा त्या दशकातला एक मोठा विजय आहे, पण ज्या धातूची भीती घराघरात पोचली त्याच्या या प्रकरणाचं नाव कोणाला माहीत नाही.

आणखी एक. या रुग्णांच्या मेंदूत अल्झायमरच्या ठराविक गाठी-चकत्या नव्हत्या. म्हणजे अॅल्युमिनियम मेंदूला विषारी आहे हे सिद्ध झालं, पण त्याने होणारा आजार अल्झायमरपेक्षा वेगळा आहे, हेही त्याच पुराव्याने दाखवलं. लोकांनी पहिला अर्धा भाग उचलला.

लोकांना दोष द्यावा असंही नाही, कारण पुढे घडलं तेच भयंकर होतं. ६ जुलै १९८८ ला इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये, कॅमलफर्डजवळच्या जलशुद्धीकरण केंद्रात, एका बदली टँकरचालकाने २० टन अॅल्युमिनियम सल्फेटचं द्रावण चुकीच्या टाकीत ओतलं. ते थेट सुमारे २० हजार लोकांच्या नळाला गेलं. लोकांची तोंडं आली, पोटं बिघडली. पाणीपुरवठ्याचे अधिकारी सांगत राहिले, पाणी पिण्यालायक आहे. खरं काय झालं ते जाहीर व्हायला दोन आठवड्यांवर गेले. सोळा वर्षांनी तिथली एक बाई दुर्मिळ मेंदूविकाराने वारली आणि तिच्या मेंदूत अॅल्युमिनियम बरंच जास्त सापडलं. मृत्यूची चौकशी २०१२ पर्यंत चालली आणि कॉरोनरने पाणी प्राधिकरणावर कडक ताशेरे ओढले. पुढच्याच वर्षी सरकारी विषविज्ञान समितीने दीर्घकालीन इजा होण्याची शक्यता कमी असल्याचं म्हटलं. तिथल्या लोकांना ते पटलं नाही. ज्यांनी आधी दोन आठवडे लपवलं, त्यांच्या सरकारवर विश्वास का ठेवावा, हा त्यांचा प्रश्न मला तरी रास्त वाटतो.

या घटनेला सहा महिने होतात न होतात तोच १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट'मध्ये इंग्लंड-वेल्सच्या ८८ विभागांचा अभ्यास आला. पाण्यात अॅल्युमिनियम जास्त तिथे अल्झायमरचं प्रमाण दीडपट. पातेल्यांवर संक्रांत आली ती या सुमाराला. पुढे फ्रान्सच्या नैऋत्य भागातल्या एका अभ्यासातही, २००० साली, तसाच कल दिसला. दुसऱ्या काही अभ्यासांत दिसला नाही. तेव्हा पाण्याबाबत प्रश्न पूर्ण मिटलाय असं मी म्हणणार नाही. पण १९९२ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने अणुसूक्ष्मदर्शकाने अल्झायमरच्या चकत्यांचे गाभे तपासले, तेही कुठलाही रंग न लावलेल्या ऊतीत, तर अॅल्युमिनियम सापडलंच नाही. आधी जे सापडत होतं त्यात नमुना रंगवायच्या रसायनांतून आणि धुळीतून शिरलेलं किती, हा प्रश्न त्यांनी उभा केला. जांभ्याची आठवण ठेवा. जी गोष्ट धुळीत आहे ती प्रयोगशाळेच्या काचपट्टीवरही येणारच.

कॅनडाची एक हकिगत सांगितल्याशिवाय राहवत नाही. ओंटारिओच्या सोन्याच्या खाणींत १९४३ पासून १९७९ पर्यंत कामगारांना पाळीच्या आधी कपडे बदलायच्या खोलीत बंद करून अॅल्युमिनियमची बारीक पूड हवेत सोडत आणि ती छातीत ओढायला लावत. सिलिकोसिस होऊ नये म्हणून! नकार देणाऱ्याला काम नाही. मेंदूवर प्रयोगच करायचा तर याहून मोठा प्रयोग नाही. १९९० मधल्या अभ्यासात या खाणकामगारांची स्मृती आणि विचारशक्तीच्या चाचण्यांतली कामगिरी इतरांपेक्षा कमी निघाली. पुढे पार्किन्सनचं प्रमाण जास्त आढळलं आणि २०२२ मध्ये ओंटारिओने त्यांच्यासाठी पार्किन्सनला व्यवसायजन्य आजार म्हणून मान्यता दिली. खाण बंद होऊन, माणसं म्हातारी होऊन, कित्येक मरून गेल्यावर.

डेन्व्हर, न्यूकॅसल, कॅमलफर्ड, ओंटारिओ. कुठेही घरातल्या बाईने चूक केलेली नाही. पाइप, टाकी, गोळी, खाण. आपल्याकडे मात्र बोट कोणाकडे जातं?

आमच्या आळीतल्या एका घरी सासूबाईंना डिमेन्शिया आहे. स्वतःच्या मुलाला 'तुम्ही कोण?' विचारतात, रात्री दोनला उठून दार उघडतात. त्यांना न्हाऊ घालणारी, मागे धावणारी सून. हा मेसेज आल्यावर नणंदेने फोनवर तिला सुनावलं, ''वीस वर्षं तूच त्यांना जर्मनच्या कढईतलं खायला घातलंस ना?'' सुनेने दुसऱ्या दिवशी सगळी भांडी भंगारवाल्याला देऊन टाकली. मला हे तिने सांगितलं ते विचारायलाच, 'भाऊजी, खरंच माझ्यामुळे झालं का हो?' मी तिला हे सगळं जमेल तसं सांगितलं. २०२४ मध्ये लॅन्सेटच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं दिली, त्यांत रक्तदाब, मधुमेह, कमी शिक्षण, ऐकू न येणं, दिसण्याची अडचण, एकटेपणा, धूम्रपान, हवेचं प्रदूषण वगैरे आहे. पातेलं नाही. सासूबाईंना दहा वर्षं ऐकू येत नव्हतं आणि 'या वयात कशाला मशीन' म्हणून कोणी घेऊन दिलं नव्हतं. हे मात्र मी नणंदेला सांगितलं.

भांड्यांची काळजी करायचीच असेल तर वेगळ्या कारणासाठी करा. आमसूल, चिंच, टोमॅटो घातलेलं, ताक-कढी, मीठ जास्त असलेलं जर्मनच्या भांड्यात रात्रभर ठेवू नये, हा घरातला जुना नियम बरोबरच आहे; आंबट आणि खारट पदार्थांत धातू जास्त उतरतो. पण खरी भीती शिशाची. भंगारातून ओतलेल्या स्वस्त भांड्यांत शिसं मिसळलेलं असू शकतं. २०१७ मध्ये दहा विकसनशील देशांतली ४२ भांडी तपासली तेव्हा त्यातल्या बऱ्याच भांड्यांतून शिसं उतरत होतं. २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने भारतातून गेलेल्या काही हिंडालियम भांड्यांबद्दल याचसाठी इशारा दिला. शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक, आणि त्यात 'इतकं चालतं' अशी सुरक्षित पातळीच नाही. तिथे मापं घेणं, नियम लावणं हे सरकारचं काम आहे, सुनेचं नाही.

आता मूळ मुद्दा. डायलिसिसची गोष्ट १९७९ ला संपली असं वाटेल, तर नाही. पोर्तुगालमधल्या एव्होरा इथे १९९३ मध्ये दुष्काळात पाण्यातल्या अॅल्युमिनियमने डायलिसिसचे रुग्ण दगावले. १९९६ मध्ये कुरसाओ बेटावर डायलिसिस केंद्राला पाणी आणणारी नवी जलवाहिनी टाकली. आतून सिमेंटचा थर होता, त्यातून अॅल्युमिनियम पाण्यात उतरत गेलं आणि दहा रुग्ण मेले. कारण कळून वीस वर्षं झाल्यावर. पाइप बदलताना कोणी पाणी तपासलं नाही, इतकंच.

२०१६ च्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमानंतर आपल्याकडे जिल्ह्याच्या, कुठे कुठे तालुक्याच्या ठिकाणीही मोफत डायलिसिस मिळू लागलं. फार मोठी सोय झाली. पूर्वी आठवड्यातून तीनदा एसटीने शहर गाठणारी माणसं मी पाहिली आहेत. पण तिथलं पाणी कोणाच्या डोक्यात नसतं. आमच्या ओळखीतल्या एका रुग्णाबरोबर मी एका केंद्रात गेलो होतो, तेव्हा पाण्याचा रिपोर्ट मागितला. टेक्निशियन मुलगा भला होता. रजिस्टर दाखवलं, रोजचा टीडीएस लिहिलेला. अॅल्युमिनियमचा रिपोर्ट? त्याने हा प्रश्न पहिल्यांदा ऐकला होता. टीडीएसच्या मीटरवर लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम दिसत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो.

तर तुमच्या घरातलं, नात्यातलं कोणी डायलिसिसवर असेल तर केंद्रात तीन गोष्टी विचारा. आरओचे मेंब्रेन शेवटचे कधी बदलले. पाण्याची रासायनिक तपासणी शेवटची कधी झाली आणि त्यात अॅल्युमिनियमचा आकडा काय होता. नगरपालिकेने पाण्याचा स्रोत, पाइप किंवा तुरटीचं प्रमाण बदललं तर केंद्राला कोण कळवतं. तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा. मसुदा मी करून ठेवलाय, लागेल त्याने इनबॉक्समध्ये मागून घ्या.